आवाज गेल्यानंतर

रविवारच्या प्रार्थनेत पाद्री रूपेनींनी अपाकुकीला उभं राहायला सांगितलं आणि सगळ्या गावादेखत जाहीर केलं, की देवानं या माणसाला बरं केलं आहे. बाकं करकरली, माणसं वळून बघू लागली. त्याची थोरली बहीण वासिती पहिल्याच रांगेत होती. तिनं हातातला विणलेला पंखा तोंडावर धरला आणि त्याच्याआड डोळे पुसून घेतले. अपाकुकी उभा राहिला खरा, पण पाय काही स्वस्थ उभे राहीनात. उजव्यावरून डाव्यावर, डाव्यावरून उजव्यावर त्याचा भार सारखा हलत होता. लोकांना वाटलं, बिचारा भारावलाय. भारावण्याचा काही संबंध नव्हता. हल्ली पोटऱ्यांच्या आत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं व्हायचं आणि एका जागी थांबणं म्हणजे शिक्षा वाटायची.

पाद्री काही खोटं बोलले नव्हते. आवाज गेले होते, ही गोष्ट खरीच. पंचविशीच्या आत-बाहेर असताना त्याला पहिल्यांदा इंजिनाच्या घरघरीत माणसं बोलताना ऐकू आली. मग ती किनाऱ्यावरच्या माडांत आली, घराच्या पत्र्यात आली, शेवटी उशीत येऊन बसली. शेजारचा माणूस आपल्या भाताच्या थाळीत विष कालवतो असं त्यांनी सांगितलं, म्हणून अपाकुकी वल्हं घेऊन त्याच्या दारात उभा राहिला होता. त्याला सुवा शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं, आणलं, परत नेलं. त्यात त्याची वर्षं गेली. पुढे इंजेक्शन बदललं आणि आवाज ओहोटीच्या पाण्यासारखे मागे मागे सरकत एक दिवस दिसेनासे झाले. आता तो एकटा बडबडत नव्हता, कुणावर धावून जात नव्हता, रोज अंघोळ करून कमरेला लुंगीसारखं स्वच्छ सुलू गुंडाळून चर्चला येत होता. गावाच्या हिशेबी माणूस बरा झाला होता.

जे मागे उरलं होतं त्याला मात्र नाव नव्हतं.

वासिती त्याला दुकानातून मीठ, काडेपेटी आणि रॉकेल आणायला पाठवायची. दुकानाच्या पायरीवर पोचेपर्यंत त्याच्याजवळ फक्त 'दुकान' एवढंच शिल्लक असायचं. मग तो साबण घेऊन परतायचा. कसाव्याचे कंद सोलायला बसला की चुलीवरचं पाणी उतू जायचं, पाण्याकडे धावला की सुरी कुठे ठेवली ते आठवायचं नाही. संध्याकाळी चटईवर चौघं गप्पा मारत बसले की पहिल्याचं वाक्य त्याला कळायचं. ते नीट लावून घेईस्तोवर बाकीचे तिघं बोलून मोकळे. मग इतर हसले की तोही हसायचा.

"आजारपणात लाड झाले, अंगात आळस मुरलाय," वासिती शेजारणींना सांगायची. ती वाईट बाई नव्हती. नवरा समुद्रानं नेल्यापासून लेवुकाच्या बाजारात मासे आणि अळूचे कंद विकून तिनं घर चालवलं होतं, भावाचं दुखणं काढलं होतं. आता ती दमली होती. दमलेल्या माणसाला समोरच्यानं उठून कामाला लागावं असंच वाटणार.

म्हणूनच तिनं बापाची होडी बाहेर काढली. विलायती फणसाच्या झाडाखाली पालथी पडलेली ती फायबरची होडी तिनं घासूनपुसून घेतली, इंजिन दुरुस्त करवलं आणि अपाकुकीला म्हणाली, "शनिवारी मोतुरिकी बेटावर लग्न आहे. बायकांना तू न्यायचंस. बाबांच्या मागे या खिंडीतून होडी काढणारा तुझ्यासारखा कोणी झाला नाही, हे सगळे म्हणतात."

ते खरं होतं. प्रवाळाच्या भिंतीतून आत शिरणारी ती खिंड त्याला बापानं इतक्या वेळा दाखवली होती, की डोळे मिटले तरी दिसायची.

"बघू," तो म्हणाला आणि उठून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"बघू काय? आणि जरा बस की एका जागी. चटई झिजली."

त्या गुरुवारी इंजेक्शनचा दिवस होता. लेवुकाच्या इस्पितळातल्या सिस्टर उनाइसी या वेळी म्हणाल्या, "आज थोडा वेळ बस. तुझी एक तपासणी करायचीय. दुखणार नाही."

त्यांनी टेबलावर पत्ते मांडले. कशावर त्रिकोण, कशावर चांदण्या, कुठे लाल, कुठे हिरवे. हातातला पत्ता खालच्या चारांपैकी कुठल्या तरी एकाखाली ठेवायचा. कुठे ते त्यानंच ओळखायचं. सिस्टर फक्त 'बरोबर' नाहीतर 'चूक' म्हणणार. अपाकुकीनं रंगाला रंग लावला. बरोबर. परत रंग, परत बरोबर. त्याला बरं वाटू लागलं. मग अचानक सिस्टर म्हणाल्या, "चूक." त्यानं पुन्हा रंगच लावला. चूक. आता रंग चालत नाही, नियम बदललाय, हे त्याला कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. तरी हात लाल पत्ता घेऊन लालाकडेच जात होता. घामानं त्याची मान भिजली. मग सिस्टरनी काही आकडे सांगितले आणि उलटे म्हणायला सांगितले. पहिला आकडा त्यानं घट्ट धरून ठेवला, तेवढ्यात बाकीचे निसटले.

सिस्टरनी पत्ते गोळा केले. अपाकुकी म्हणाला, "सिस्टर, मी मठ्ठ झालोय का?"

"नाही."

"ताई म्हणते आळशी झालोय."

"तेही नाही." सिस्टरनी खुर्ची जवळ ओढली. "हे बघ, आवाज हा या दुखण्याचा एक भाग. हा दुसरा. आपल्या मेंदूचा पुढचा भाग असतो ना, कपाळामागचा, त्याच्याकडे एक काम असतं. चार गोष्टी एकदम लक्षात धरायच्या, आधी कुठली, मागून कुठली ते ठरवायचं, आणि बेत बदलला की आपणही वळायचं. तुझा तो भाग हळू चालतो आणि लवकर थकतो. दुखण्यानंच केलंय ते. इंजेक्शननं आवाज जातात, हे मात्र तेवढं जात नाही."

"बाबांनी शिकवलेलं सगळं येतं मला. खिंड आठवते."

"आठवणारच. हाताला मुरलेलं बहुधा टिकतं. अडचण येते ती मध्येच दुसरं काही आलं की."

तो खुर्चीवरून उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. "मग होडी?"

"एकट्यानं नको. निदान सध्या तरी नको, अपाकुकी. पुढच्या खेपेला बहिणीला घेऊन ये, मी समजावते तिला."

दाराबाहेर पडल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की पायांचं सांगायचं राहूनच गेलं. तेवढंच सांगायचं म्हणून तर सबंध बसप्रवासभर तो घोकत आला होता.

घरी आल्यावर वासितीनं विचारलं, "काय म्हणाल्या सिस्टर?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्यानं लग्नाला घालायच्या सदऱ्याला ती बटण लावत होती. निळा, फुलाफुलांचा सदरा, बापाचा.

"बरं आहे म्हणाल्या," अपाकुकी बोलला.

शनिवारी सकाळी होडीत बायका भरल्या. मोठमोठ्या चटया, टोपल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला केक, म्हातारी नानिसे आणि तिची छत्री. सगळ्यांत शेवटी पाण्यातून खिदळत आली तोकासा, अपाकुकीची आतेबहीण. आतेमामेभावंडांनी एकमेकांची खिल्ली उडवायची ही त्या बेटांवरची रीतच, आणि तोकासानं रीत मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अंगानं दांडगी, तोंडानं त्याहून.

"काय रे देवाच्या लाडक्या," ती होडी एका बाजूला कलंडवत चढली, "आम्हाला मोतुरिकीला नेणार का थेट स्वर्गात?"

"तू बसलीस तर तळालाच," अपाकुकी म्हणाला. बायका हसल्या. शब्द वेळेवर सुचला म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

पाणी सपाट होतं. इंजिनाचा दांडा हातात आला आणि तळव्याला ती जुनी थरथर लागली, तेव्हा क्षणभर त्याचे पायसुद्धा शांत झाले. त्यानं मनाशी एकच धरलं होतं. मोतुरिकीच्या चर्चचं पांढरं छप्पर मागच्या डोंगराच्या खाचेत बसलं की सरळ आत घुसायचं. पाणी निळ्याचं हिरवं झालं की डावीकडे वळायचं. छप्पर, खाच, हिरवं, डावं. छप्पर, खाच, हिरवं, डावं. ओठ हलत होते.

वासितीनं ते पाहिलं. "कुणाशी बोलतोयस?"

"कुणाशी नाही."

"अपा."

"नाही म्हटलं ना, ताई."

खिंड दिसू लागली. दोन्ही बाजूंना लाटा प्रवाळावर फुटून पांढऱ्या होत होत्या, मध्ये गडद पाण्याचा पट्टा. आणि तेवढ्यात डोंगरामागून एक काळी सर समुद्रावर सरकत आली. त्या भागात अशा सरी येतात नि जातात, कुणी मनावर घेत नाही. बायकांनी ताडपत्री ओढली. "अपा, तिकडचं टोक धर," वासिती म्हणाली. त्यानं धरलं. इंजिन खोकलं. पहिला डबा रिकामा झाला होता. नळी काढून दुसऱ्या डब्याला लावायची, रबरी फुगा दाबून पेट्रोल वर घ्यायचं. एरवी पोरंसोरं करतात. त्यानं ताडपत्री सोडली आणि नळी उपसली. ताडपत्री फडफडून नानिसेच्या तोंडावर बसली. "अगं बाई, माझी छत्री." "अपा, पुढे पाणी साचतंय." "केक सांभाळा गं." "अपा, ऐकतोयस का?" तोकासा काहीतरी म्हणाली, सगळ्या हसल्या.

नळी त्याच्या हातात होती. ती त्यानं आता काढली होती का आता लावायची होती? दोन्ही डबे लालच होते. त्यानं एकाला लावली, उपसली, दुसऱ्याला लावली. फुगा दाबला. दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. त्यानं मान वर केली तर डोंगर नव्हता. छप्पर नव्हतं. पावसाच्या पडद्यात सगळं राखाडी, आणि लाटांचा फुटण्याचा आवाज एकदम चारी बाजूंनी.

छप्पर. छपरानंतर काय होतं ते त्याला सापडेना. आपण खूण ओलांडली की अजून यायचीय? पुढे जावं, असं हाताला वाटत होतं. त्या टेबलावर लाल पत्त्याकडे जाणारा हात तो हाच, हे त्याला त्या क्षणी इतकं लख्ख उमगलं, की त्यानं दांड्यावरची मूठ सोडवून घेतली आणि इंजिन बंद केलं. मग उठून, बायकांच्या मांड्या-टोपल्या ओलांडत तो होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, नाळेपर्यंत गेला आणि नांगर पाण्यात टाकला. दोर सळसळत गेला, ताणला. होडी लाटेवर वर-खाली होत उभी राहिली.

"काय झालं?" वासिती.

"मला हे जमत नाही."

"काय जमत नाही? पाऊस जाईल आत्ता."

"पाऊस गेल्यावरही नाही. मला एका वेळी एवढं धरता येत नाही, ताई. इंजिन, पाणी, खुणा, तुमचं बोलणं. सगळं सांडतं."

कुणीतरी हळूच देवाचं नाव घेतलं. वासितीच्या तोंडावरून पावसाचं पाणी ओघळत होतं. तिचा आवाज खाली आला, ती रागावल्यावर यायचा तसा. "सगळ्या गावासमोर पाद्रींनी सांगितलं, तू बरा झालास म्हणून."

"त्यांनी आवाजांचं सांगितलं. ते गेलेत. माझं डोकं कसं चालतं त्यांना काय ठाऊक? सिस्टर म्हणाल्या, कपाळामागचा भाग हळू चालतो. म्हणाल्या, एकट्यानं होडी नेऊ नकोस."

"कधी म्हणाल्या?"

"गुरुवारी."

"आणि तू मला म्हणालास बरं आहे."

त्याचे पाय पुन्हा सुरू झाले होते. उभ्या उभ्या तो नाळेवर डुलत होता आणि त्याच्याबरोबर होडीही.

तोकासानं आपली टोपली शेजारणीच्या मांडीवर ठेवली आणि मागे जाऊन इंजिनाशी बसली. "लग्नाआधी आमच्या बाबांची होडी मीच हाकायचे," ती म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "दांडा धरते मी. पण ही खिंड मला माहीत नाही. तू बघशील?"

"बघीन. फक्त बघीन. पण कुणी बोलायचं नाही. एक शब्द नाही."

सर निघून गेली. डोंगराची खाच आधी दिसली, मग ओलं, चकचकीत छप्पर. त्यानं नांगर ओढून घेतला आणि नाळेवर उभा राहिला. मागून नानिसेनं कापऱ्या आवाजात स्तोत्र धरलं.

"आजी, मनातल्या मनात," तो मागे न बघता म्हणाला.

स्तोत्र थांबलं. आता फक्त खुणा होत्या. छप्पर खाचेत बसलं, त्यानं हात सरळ पुढे केला. होडी आत शिरली. दोन्हीकडून लाटा गडगडत होत्या, पायाखाली निळं पाणी होतं, मग कडेनं हिरवं होत आलं, आणि त्या हिरव्यात खडकाचं तपकिरी डोकं. हात डावीकडे. आणखी डावीकडे. तोकासानं दांडा दाबला. खडक होडीच्या अंगाला चाटून मागे गेला. मग एकदम शांत, उथळ पाणी आलं. सगळ्या बायका एकदमच बोलू लागल्या.

लग्न झालं. जेवणाच्या आधीच ती गोष्ट मांडवभर पसरली होती आणि प्रत्येक तोंडागणिक लाटा उंच होत होत्या. कुणी म्हणे अपाकुकीला पुन्हा आवाज ऐकू आले, कुणी म्हणे तो पाण्यात उडी मारत होता. तो जेवायला बसला नाही. किनाऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला, वाळूत त्याची वाट पडली. वासितीनं त्याला थाळी पाठवली नाही. तोकासा घेऊन आली. नारळाच्या दुधातला मासा आणि कंद.

"खा. चालता चालता खा हवं तर."

त्यानं दोन घास खाल्ले. "घाबरलीस?"

"हो," तोकासा म्हणाली. "तुला नाही. खडकाला."

तो हसला, आणि मग थाळी तिच्या हातात देऊन पुन्हा चालू लागला.

घरी दोन दिवस वासिती त्याच्याशी बोलली नाही. भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटली. तिसऱ्या दिवशी ती मासे साफ करत असताना, मान खाली घालूनच तिनं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

दारात येरझारा घालणारा अपाकुकी थांबला. "सांगितलं असतं तर तू परत माझ्याकडे तशी बघू लागली असतीस."

"कशी?"

"आवाज होते तेव्हा बघायचीस तशी. सुऱ्या उचलून ठेवायचीस तेव्हा."

वासितीच्या हातातली सुरी तशीच राहिली. मग तिनं ती पाण्यात धुतली, फळीवर ठेवली, त्याच्यासमोरच, आणि म्हणाली, "कधी जायचंय इस्पितळात?"

सिस्टर उनाइसींना वासितीनं बसल्या बसल्या सवाल केला. "हे जाणार का, तेवढं सांगा. गोल गोल नको."

"पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "सुधारू शकतं. सरावानं, आणि घरच्यांनी कामाची पद्धत बदलली तर. दर आठवड्याला इथे आला तर मी त्याच्याकडून सराव करून घेईन."

"आणि हे सारखं चालणं? हा आळशी नाही म्हणता, मग घरातच एवढा का भटकतो?"

सिस्टरनी अपाकुकीकडे पाहिलं. "पायांना काही होतंय? मला कधी बोलला नाहीस."

"दरवेळी विसरतो."

सिस्टरनी ते लगेच त्याच्या कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, की हे इंजेक्शनमुळे होतं, मात्रा कमी करता येते, वर एक गोळीही असते. डॉक्टरांशी आजच बोलते. वासितीनं भावाच्या पायांकडे बघितलं. चटई झिजली म्हणून तिनं किती वेळा बोल लावले होते ते तिला आठवत असावं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "आणि एका दमात चार कामं सांगू नका त्याला."

"मी कुठे सांगते?" वासिती म्हणाली.

अपाकुकी एवढा हसला की बाहेरच्या बाकावरचे रुग्ण आत डोकावले.

पाय हळूहळू निवले. पूर्ण नाही, पण झोप येण्याइतके. होडी आता तोकासा हाकते. बाईनं इंजिन धरलं म्हणून काही पुरुषांनी यंगोनाच्या मुळांचं पेय पिता पिता कुरकुर केली, तिनं त्यांना मोतुरिकीपर्यंत पोहत जायचा सल्ला दिला. अपाकुकी नाळेवर उभा राहतो. काही दिवस खिंड त्याला आरपार दिसते. काही दिवस सकाळपासूनच डोकं चिखलासारखं असतं. त्या दिवशी तो आपणहून सांगतो, 'आज नाही,' आणि होडी लांबच्या, सोप्या वाटेनं जाते. पेट्रोल जास्त लागतं म्हणून तोकासा कटकट करते. पुढे एकदा पाद्री रूपेनींनी त्याला पुन्हा देवानं बरं केल्याची साक्ष द्यायला उभं करू म्हटलं, तेव्हा वासितीच त्यांच्या अंगणात जाऊन बोलून आली. काय बोलली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. पण त्या रविवारी पाद्रींनी बरं झालेल्यांसाठी नाही, तर जे रोज सांभाळून राहतात त्यांच्यासाठी प्रार्थना केली.

दांडा पुन्हा आपल्या हातात यावा असं अपाकुकीला अजून वाटतं. रिकाम्या होडीत, किनाऱ्यालगत, तोकासा कधीकधी देतेही. तेव्हा ती तोंड बंद ठेवते, आणि ते तिला किती जड जातं हे त्याला मागे न बघता कळतं.

परवा सकाळी वासिती चुलीपाशी होती. तिनं हाक मारली, "अपा, नळावरून पाणी आण." तो बादली घेऊन निघाला, मग थबकला. तिचे ओठ अजून हलत होते; आत पुढची दोन-तीन कामं दाटीवाटीनं उभी होती हे दिसत होतं.

"अजून काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "आधी पाणी."

वाटेत शेजाऱ्यानं त्याला थांबवून माशांचं काहीबाही विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि शेजारी गेल्यावर तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. कुठे निघालो होतो ते गेलं होतं. त्यानं खाली पाहिलं. हातात बादली होती, रिकामी. म्हणजे पाणी. तो नळाकडे चालू लागला.